भरलेला हौद

साहेब उठले आणि मी ओठांपाशी नेलेला ग्लास खाली ठेवला. घडलं ते एवढंच. सकाळचे साडेअकरा वाजले होते, बैठकीच्या खोलीतला पंखा नेहमीसारखा कुरकुरत फिरत होता, टेबलाभोवती आम्ही नऊ जण होतो, आणि पाण्याचा जग साहेबांकडून निघून एकेकाच्या हातातून सरकत माझ्यापर्यंत यायला अर्धी बैठक उलटली होती. मी दाराला लागून असलेल्या शेवटच्या खुर्चीवर बसते, कारण भिंतीवर आराखडे लावायचं आणि उतरवायचं काम माझं. खोली एवढीशी, त्यामुळे माझी खुर्ची सरकल्याशिवाय दार उघडत नाही. जग आला तेव्हा त्यात पाणी भरपूर होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. पाणी संपलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी ग्लास भरला, उचलला, आणि तेवढ्यात साहेब "ठरलं तर मग, चार वाजता सह्या" असं म्हणून उठले. डॉक्टर उठले, खरेदीवाले उठले, सगळे उठले आणि मीही उठले. मला कुणी अडवलं नव्हतं. 'बसा बाई, पाणी प्या' असं कुणी म्हटलं नाही, तसं 'पिऊ नका' असंही कुणी म्हटलं नाही. चार घोटांचा तर प्रश्न होता. पण पाय आपोआप ताठ झाले, हात आपोआप खाली आला, मी खुर्ची सरकवली, सगळ्यांना वाट दिली, आणि आराखडा गुंडाळून काखेत मारून सगळ्यांच्या मागून निघाले. दारात वळून पाहिलं तर शिपाई ग्लास गोळा करत होता. आठ रिकामे आणि एक काठोकाठ भरलेला. तो भरलेला त्याने खिडकीतल्या कुंडीत ओतला आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "तहान नव्हती वाटतं बाईंना."

बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. शब्द न् शब्द ओळखीचा, हसण्यासकट. ते मी अकरा वर्षांची असताना ऐकलं होतं, आणि ज्यांच्या तोंडून ऐकलं होतं त्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला. मी माझ्या टेबलापाशी आले, आराखडा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. एक जुनी शाईची दौत, दोन दगड आणि एक दरवाजाची कडी, ही माझी वजनं. ऑफिसात आता बाकी सगळं संगणकाच्या पडद्यावर होतं, पण कुरणांचे आराखडे मी अजून कागदावरच काढते, हाताने, आणि पाणी निळ्या शाईने दाखवते. त्यावरून मला 'नकाशाबाई' म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. आमची दुधाची कंपनी आहे. शहराबाहेर तिची कुरणं आहेत, तिथे गाई दिवसभर मोकळ्या चरतात, आणि दुधाच्या पिशवीवर हिरव्या गवताचं चित्र असतं. कुरण कुठून कुठे, कुंपण कुठे, गुरांची वाट कुठे, पाइप कुठून जाणार, हे मी काढते. अकरा कुरणं काढून झाली होती. हे बारावं. एकशे चाळीस गाई, गवताचे सात तुकडे, दूध काढायच्या शेडपासून शेवटच्या तुकड्यापर्यंत नऊशे मीटरची वाट. आणि निळा गोल एकच, शेडच्या दाराशी. हौद. उद्या सकाळी चर खणायचं यंत्र तिथे पोचणार होतं आणि आराखडा काढणारीची सही झाल्याशिवाय ते जमिनीला हात लावू शकत नव्हतं. एकदा पाइप टाकून माती लोटली, वर गवत आलं, की पुढची वीस वर्षं तिथे कुणी कुदळ मारत नाही. मी उजव्या कोपऱ्यातल्या सहीच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत बसले आणि तोंड कोरडं पडत चाललं.

मला राग आला होता. आधी शिपायाचा आला, मग साहेबांचा, मग त्या पंख्याचाही आला. राग ज्या पत्त्यावर जायला हवा होता तिथे पोचायला त्याला दुपार लागली. माझ्यापासून दहा पावलांवर पाण्याचा नळ आहे, थंड पाण्याचा, वर 'स्वच्छ ठेवा' अशी पाटी. उठून प्यायला काय हरकत होती? काहीच नाही. तरी मी उठले नाही. उपास-तापास मी आयुष्यात केलेले नाहीत, आणि हट्टाला पेटायचं माझं वय नाही, त्रेपन्न पूर्ण झाली. पण मला ते वाक्य तसंच कोरडं जिभेवर ठेवायचं होतं. दिवसभर पाणी समोर आहे आणि पोटात नाही, म्हणजे नेमकं काय, ते बघायचं होतं. तासाभराने जीभ टाळूला चिकटायला लागली. ओठ सारखे चाटावेसे वाटायला लागले. आणि मला ती ओलं सिमेंट चाटताना दिसली.

तिला आम्ही मागली म्हणायचो. नाव असं तिला कुणी ठेवलं नव्हतं, ती कळपात नेहमी मागे असायची म्हणून मागली. बाबांच्या बावीस गाई होत्या, आणि हौद गोठ्याच्या अंगणात होता, मोठा, बाबांनी स्वतः बांधलेला, आतून घोटून गुळगुळीत केलेला. बाबांना त्या हौदाचा फार अभिमान. बॉलकॉक बसवलेला, पाणी जरा खाली गेलं की फुगा खाली यायचा आणि पाइप फुरफुरायला लागायचा. कुणी पाहुणा आला की बाबा आधी हौद दाखवायचे, मग घर. "हा कधी रिकामा होत नाही," असं म्हणून ते पाण्यात हात घालून दाखवायचे. कुरण टेकडीपलीकडे होतं, तिथून हौद दिसायचा नाही. दुपारी केव्हातरी पुढची काळी गाय मान वर करायची, गोठ्याकडे बघायची आणि चालू पडायची. ती निघाली की सगळ्या निघायच्या. ज्यांना तहान लागली आहे त्याही आणि ज्यांना नाही त्याही, कारण मागे एकटं राहायला कुठल्याच गाईला आवडत नाही. अंगणात आल्या की काळी आणि तिच्या तीन-चार मैत्रिणी हौदाला तोंड लावायच्या. गाय पाणी पिते ते बघण्यासारखं असतं. ती लपलप करत नाही. ओठ जेमतेम बुडवते, नाकपुड्या वर ठेवते, आणि पाणी नुसतं आत जात राहतं, गळ्याच्या कातडीखालून एकामागून एक लाटा खाली उतरताना दिसतात. त्यांचं झालं की दुसऱ्या, मग तिसऱ्या. मागली सगळ्यांच्या मागे उभी. कुणी शिंग हलवलं की ती आणखी एक पाऊल मागे. तिची पाळी यायची तोवर काळीचं पोट भरलेलं असायचं आणि ती परत कुरणाकडे वळायची. ती वळली की सगळा कळप वळायचा. मागली तेव्हा हौदापाशी पोचलेली असायची. पाणी तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर असायचं, काठोकाठ, कारण बॉलकॉक आपलं काम चोख करत होता. ती एकदा पाण्याकडे बघायची, एकदा जाणाऱ्या शेपट्यांकडे. आणि वळायची.

मी हे रोज बघायचे. शाळेतून आले की कठड्यावर बसून भाकरतुकडा खात बघायचे. तहानेपेक्षा एकटं पडायची भीती मोठी असते हे मला अकराव्या वर्षी कळलं होतं, शब्दांत नाही, पण कळलं होतं. हौदाची एक बाजू पाझरायची. खालच्या सिमेंटवर तळहाताएवढा ओला डाग असायचा आणि मागली संध्याकाळी गोठ्यात जाताजाता तो चाटून जायची. तो डाग तेवढाच जिभेने घासून पांढरा झाला होता. मी बाबांना म्हटलं, "बाबा, मागली पाणी पीत नाही." बाबा हसले. "तहान नव्हती वाटतं तिला. हौद तर भरलाय." मी एकदा बादली भरून तिच्यापुढे नेली तर बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "एकीला बादलीची सवय लावलीस तर उद्या बावीसजणी दारात येऊन उभ्या राहतील. लाडावून ठेवू नकोस." बाबा दुष्ट नव्हते. गाय व्यायली की रात्ररात्र तिच्याशेजारी बसून राहणारा माणूस. पण त्यांना हौद दिसायचा. हौद भरलेला दिसला की त्यांचं समाधान व्हायचं, आणि समाधान झालेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि बंद केला. कोरड्या तोंडाने घास गिळता येत नाही हेही विसरलेच होते. दुधाळ गाय दिवसाला शंभर लिटर पाणी पिते म्हणतात, उन्हाळ्यात जास्तच. ते नाही मिळालं तर ती आधी चरणं सोडते. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, हिला भूक नाही. तहान नाही, भूक नाही, मग दूधही नाही. शेवटी गायच वाईट. डबा बाजूला सारून मी आईला फोन लावला. आई एक्याऐंशीची आहे, माझ्याजवळच असते, दुपारी खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या चुका काढत असते.

"आई, तुला मागली आठवते?"

"कोण मागली?"

"आपली गाय. सगळ्यात मागे असायची ती."

"ती होय. मरतुकडी. तिचं काय आता? जेवलीस का?"

"ती पाणी प्यायची नाही, आठवतं?"

"तुझे बाबा म्हणायचे, तिला तहान नव्हती."

"आणि तू काय म्हणायचीस?"

"मी काय म्हणणार? मी माझं पाणी पीत होते."

हे मात्र शंभर टक्के खरं. माझी आई कधी कुणासाठी थांबली नाही. दुपारी सगळे शेतातून आले की ती सरळ माठापाशी जायची, दोन तांबे घटाघटा प्यायची, पदराने तोंड पुसायची आणि मग इतरांना द्यायची. सासू बघायची, नणंदा बघायच्या, आपसांत कुजबुजायच्या. आईच्या गावीही नसायचं. "तहान लागली की पाणी प्यावं, मुहूर्त काढत बसू नये," असं ती म्हणायची. त्या घरात तिला 'आगाऊ' म्हणत. मला लहानपणी तिची लाज वाटायची, आपली आई इतरांच्या आयांसारखी शेवटी का पीत नाही म्हणून. मी बाबांवर गेले असं सगळे म्हणत, शांत, मोजून-मापून काम करणारी, आणि ते मला फार बरं वाटायचं.

"तुझा आवाज असा का येतोय? घसा बसलाय का?" आई फोनवर विचारत होती.

"तहान लागलीये."

"मग पी की. हाताला मेंदी लावलीये का?"

फोन ठेवला आणि तेव्हा तो राग योग्य पत्त्यावर पोचला. कारण अकरा आराखडे मी काढले होते. साहेबांनी नाही, डॉक्टरांनी नाही. अकरा कुरणं, अकरा निळे गोल, सगळे शेडच्या दाराशी, सगळ्यांच्या खाली उजव्या कोपऱ्यात माझी वळणदार सही. आणि मला माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला एक वेळ माफ आहे, पण मी तर कठड्यावर बसून रोज पाहिलेलं. नियमात दर गाईमागे किती लिटर पाणी लागेल ते लिहिलं आहे, हौदाची लांबी-रुंदी लिहिली आहे, अंतराचं काही लिहिलेलं नाही. मी लिटर मोजले, हौद काढला, सही केली. पहिल्या वेळी हात थोडा अडखळला होता, हे आठवतं. दुसऱ्या वेळी नाही. मूग गिळायची सवय एकदा लागली की मूगही गोड लागायला लागतात. आणि दरवर्षी तपासणी होते, तपासनीस हौदाचा फोटो काढून आणतो, अकराच्या अकरा हौद भरलेले. फोटो फाइलला लागतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, पण आमच्याकडे आडात होतं, पोहऱ्यातही होतं, काठोकाठ होतं, फक्त शेवटच्या गाईच्या तोंडात नव्हतं. तो फोटो कुणी काढत नाही.

मागच्या वर्षी अकराव्या कुरणावर गेले होते. तिथला गुराखी म्हातारा, पायाने जरा अधू, डोक्यावर कापडी टोपी. माझ्याबरोबर सगळी वाट चालला. हौदापाशी आल्यावर मी फुटपट्टी घालून पाण्याची खोली मोजली आणि म्हटलं, "छान भरलेला आहे."

"असतो," तो म्हणाला. "सदान्‌कदा भरलेला असतो. तेच मला बरं वाटत नाही, बाई."

"का?"

"एवढ्या गाई पिऊन गेल्यावर हौदाची थोडी तरी दुर्दशा दिसायला हवी ना? पाणी खाली जायला हवं, काठ घाण व्हायला हवा. पुढच्या पन्नास पितात. मागच्या वीस नुसत्या फिरायला येतात आणि जातात. मी सांगितलं वर. वरचे म्हणाले, तू हौद बघ, हौद भरलाय ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं की फुटपट्टी घेऊन आलेल्या बाईला तरी हे कळेल. मी वही काढली आणि त्याच्या देखत लिहिलं: हौद पुरेसा. त्याला वाचता येत होतं की नाही ठाऊक नाही. त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बरं झालं, लिहून घेतलंत." हे आठवलं आणि मी ऑफिसात, भर दुपारी, माझ्या टेबलापाशी बसल्या जागी लाजेने तापले. आणि मग लाज वगैरे बाजूला ठेवली. लाजेचा गाईला काही उपयोग नाही.

मी निळ्या शाईची दौत उघडली. डोकं ठणकत होतं, जीभ जाड झाली होती, पण हात कधी नव्हे इतका स्थिर होता. शेडपासून निघणारी पाइपची रेघ मी पुढे ओढली, वाटेच्या कडेने, टेकडीच्या पायथ्याने, आणि सात तुकड्यांमध्ये सात निळे गोल काढले. कुंपणाच्या रेघेवर, म्हणजे दोन्हीकडच्या गाईंना तोंड लावता येईल असे. जवळ पाणी असलं, नजरेसमोर असलं, की कळपाला काळी गाय लागत नाही. जिला तहान लागते ती आपली जाते, पिते, परत येऊन चरायला लागते, आणि बाकीच्या मान वर करूनही बघत नाहीत. मी हे दोनदा पाहिलं आहे, लहानपणी, शेजारच्यांच्या कुरणात, जिथे मधोमध झरा होता. तिथे मागली अशी गायच नव्हती. असेल तरी ती मागली कशाला ठरेल? शाई वाळायच्या आत डॉक्टर आले. गाईंचे डॉक्टर, सज्जन माणूस, पण पुस्तकातल्या माशीसारखा, दबून बसलेला.

"नकाशाबाई, हे काय आता?"

"हौद."

"चार वाजता सह्या आहेत. कुणी सांगितलं हे?"

"डॉक्टर, लांबच्या हौदावर मागच्या गाई तहानेल्या राहतात की नाही?"

डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं. "राहतात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सर्रास राहतात. पुस्तकात आहे. पण मला कुणी विचारलं?"

"तुम्हाला कुणी विचारलं नाही. मला विचारलंय. ही चौकट माझी आहे."

"साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबतील."

"झोंबू देत. त्यांच्याकडे पाणी आहे."

ते हसले नाहीत. जाताजाता एका ओल्या गोलावर बोट ठेवणार होते, ते त्यांनी मागे घेतलं. मागली गेली तो दिवस मी कधी कुणाला सांगितलेला नाही, डॉक्टरांनाही सांगावंसं वाटलं ते ओठातच राहिलं. त्या उन्हाळ्यात ती आटली. बाबा म्हणाले, "वाईट निघाली." सकाळी ट्रक आला. फळी लावून तिला वर चढवलं, आणि ती पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होती, कारण दुसरी कुणी नव्हतीच. मी बादली भरली. कुणी काही म्हणायच्या आत फळीवरून चढले आणि तिच्यापुढे धरली. तिने तोंड बुडवलं आणि वर काढलंच नाही. मी गळ्याखालच्या लाटा मोजत होते, मोजता मोजता चुकले. बादलीचा तळ खरखरला तरी ती चाटत राहिली, माझ्या मनगटापर्यंत चाटलं तिने. बाबा खाली उभे होते. मी रिकामी बादली घेऊन खाली उतरले. त्यांनी बादलीत पाहिलं. मग हौदाकडे पाहिलं. हौद भरलेला होता. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले आणि त्यांना कळलं आहे हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मी वाट बघत होते की आता ते ड्रायव्हरला हाक मारतील. ते म्हणाले, "जा, बादली धुऊन ठेव." मी धुऊन ठेवली. आणि पुढे बेचाळीस वर्षं तेच करत आले, चांगली घासूनपुसून.

चार वाजता मी आराखडा भिंतीवर लावला. साहेब चष्मा लावून पुढे झुकले. जग त्यांच्यापाशी होता.

"हे सात काय आहेत?"

"हौद आहेत, साहेब."

"सकाळी एक होता."

"सकाळी चुकला होता. त्याआधीचे अकराही चुकलेत. त्याचं वेगळं पत्र मी तुमच्या टेबलावर ठेवलंय."

जग निघाला. डॉक्टरांनी घेतलं, खरेदीवाल्यांनी घेतलं. मी उभी राहून सगळं सांगितलं, काळी गाय, शेपट्या, हातभरावरचं पाणी. घसा इतका कोरडा होता की शब्द खरवडून बाहेर येत होते. बांधकामवाले मध्येच म्हणाले, नऊशे मीटर चर म्हणजे दोन आठवडे वाढले, उद्घाटनाची तारीख ठरलेली आहे. साहेब समजुतीच्या सुरात बोलायला लागले. त्यांचा हा सूर मला रागापेक्षा जड जातो.

"बाई, अकरा कुरणं आहेत. तपासणीत एकदा तरी हौद रिकामा सापडलाय?"

"नाही. तेच तर सांगते आहे."

"गाय मुकी असते, खुळी नसते. पाणी समोर असलं आणि तहान लागली, तर पिईलच ना?"

"मला सकाळी तहान लागली होती. पाणी हातात होतं. मी प्यायले नाही."

दोघे-तिघे हसले. साहेबही हसले. "मग प्यायचं होतं! कुणी हात धरला होता का तुमचा?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही उठलात."

कुणी हसलं नाही. डॉक्टर आपल्या ग्लासात बघत होते. जग माझ्यापर्यंत येऊन माझ्यापुढे थांबला होता, आत पाणी भरपूर होतं, बाहेरून काचेला घाम आलेला. मी खाली बसले. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. "यावर नंतर बोलू. सकाळचाच आराखडा पुढे जाईल. तुमची सही नसेल तर दुसऱ्या कुणाकडून नवी प्रत काढून घेऊ," असं म्हणून ते उठले.

काढा की. दुसऱ्याला साऱ्या रेघा पहिल्यापासून ओढायला चार दिवस लागतील, आणि चार दिवसांत माझं पत्र मी कुठे कुठे पोचवते ते बघा. हे मी मनात म्हटलं. बाहेर खुर्च्या सरकल्या. डॉक्टर उठले, खरेदीवाले उठले, बांधकामवाले उठले, आठच्या आठ. माझ्या गुडघ्यांना तो झटका कळला, खरंच कळला, जणू खालून कुणीतरी दोर ओढला. पोटऱ्या ताठ झाल्या, टाचा उचलल्या गेल्या. एवढ्या सगळ्या पाठी दाराकडे वळलेल्या आणि मी एकटी बसलेली, हे इतकं भयंकर वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मी दोन्ही टाचा फरशीवर दाबल्या. जग उचलला. ग्लास भरला, अगदी काठापर्यंत, आणि तोंडाला लावला. थंड पाणी आधी दातांना लागलं, मग फाटलेल्या ओठांना झोंबलं, मग जिभेखाली शिरलं, आणि सगळं तोंड एकदम पुन्हा माझं झालं. मी घाई केली नाही. माझ्या गळ्यातून एकेक घोट उतरताना ऐकू येत होता, मला येत होता, म्हणजे त्यांनाही येत असणार. आठ माणसं दाराशी उभी होती आणि माझी खुर्ची सरकल्याशिवाय दार उघडत नाही. कुणीतरी घसा खाकरला. कुणीतरी हातातली फाइल या हातातून त्या हातात घेतली. मग एक खुर्ची वाजली. डॉक्टर परत खाली बसले होते, माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या सात निळ्या गोलांकडे बघत.

ग्लास रिकामा झाला. मी तो टेबलावर ठेवला.

"झालं का, बाई?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि दुसरा ग्लास भरला.